शिटेत ‘कॉक्सिडिया’ सापडले, म्हणून घारीला औषध? शिकारी पक्ष्यांची विष्ठा तपासताना या चुका टाळा

14 आणि 15 जानेवारीची उत्तरायणं, म्हणजे पतंगांचा सण, आटोपली की बडोद्यात मांज्याने कापलेल्या घारी पेटाऱ्यांतून उपचाराला येतात. सोबत एखादा शिक्रा, एखादं गव्हाणी घुबड. पंख शिवला जातो, पक्षी आठ-पंधरा दिवस पिंजऱ्यात कोंबडीच्या मांसावर राहतो, आणि मग कुणीतरी शीट तपासायला पाठवतं. अहवालात एकच ओळ येते: ‘कॉक्सिडिया +’. त्या ओळीवर औषध सुरू करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘कॉक्सिडिया’ हे एकपेशीय परजीवींच्या एका मोठ्या गटाचं नाव आहे. त्यातले काही पक्ष्याला पोखरतात, काही त्याच्या आतड्यात निवांत नांदतात, आणि काही तर त्याचे नसतातच, ते जेवणाबरोबर आलेले असतात.

आत काय आहे ते न मोजणं

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या गोल किंवा लांबट कवचाला ऊसिस्ट म्हणतात. तो पिकला की आत स्पोरोसिस्ट नावाच्या पिशव्या दिसतात आणि प्रत्येक पिशवीत स्पोरोझॉइट, म्हणजे पुढे संसर्ग करणारी परजीवीची बारीक रूपं. हा हिशेब लिहिल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही.

एकच पिशवी आणि तिच्यात 8 स्पोरोझॉइट असतील तर तो कॅरिओस्पोरा. हा ससाण्यांचा खरा शत्रू. प्रौढ पक्षी बहुतेक वेळा काहीही लक्षण न दाखवता त्याचे ऊसिस्ट शिटेतून टाकत राहतो, पण पिल्लं आणि नुकते उडायला लागलेले पक्षी अन्न सोडतात, पिसं फुगवून बसतात, शिटेत रक्त येतं आणि क्वचित एका रात्रीत जातात. जखमी ससाणा किंवा केस्ट्रेल (छोटा ससाणा) आला तर डोक्यात पहिलं नाव हे हवं.

4 पिशव्या, प्रत्येकी 2 स्पोरोझॉइट म्हणजे आयमेरिया. कोंबडी, उंदीर, ससा यांच्या आतड्यांत तो घर करून असतो. घारीच्या शिटेत तो दिसला तर आधी काल तिला काय खाऊ घातलं ते विचारा. आतड्यासकट दिलेल्या कोंबडीतले ऊसिस्ट घारीच्या पोटातून जसेच्या तसे बाहेर पडतात. आतडी काढलेलं मांस तीन-चार दिवस द्या आणि पुन्हा तपासा. ते गायब झाले तर ते घारीचे नव्हतेच.

2 पिशव्या, प्रत्येकी 4 स्पोरोझॉइट असतील तर खरी परीक्षा, कारण ही रचना इसोस्पोरा आणि सारकोसिस्टिस दोघांची. ताज्या शिटेतच फरक कळतो. इसोस्पोराचं कवच जाड असतं आणि तो कच्चा बाहेर पडतो. सारकोसिस्टिस आतड्यातच पिकतो. त्याचं कवच इतकं पातळ असतं की वाटेतच फाटतं, म्हणून सुट्या पिशव्याच दिसतात, साधारण 10 ते 14 मायक्रोमीटर लांबीच्या. चिमण्या खाणाऱ्या शिक्र्याच्या शिटेत इसोस्पोरा दिसला तर तो चिमणीचाही असू शकतो.

सारकोसिस्टिस ही मजेशीर गोष्ट आहे. त्याचं आयुष्य दोन प्राण्यांत वाटलेलं असतं: स्नायूंतल्या गाठी भक्ष्यात, आतड्यातला टप्पा शिकारी पक्ष्यात. गव्हाणी घुबड आणि घरातला उंदीर यांच्यात सारकोसिस्टिस डिस्पर्सा फिरतो. गॉसहॉक आणि युरेशियन स्पॅरोहॉक या शिक्र्याच्या नातलगांकडून कबुतरांकडे जाणारा सारकोसिस्टिस कॅल्चासी कबुतराच्या मेंदूला सूज आणतो, मान वाकडी होते. शिकाऱ्याला सहसा त्याचं काहीच वाटत नाही. तेव्हा घुबडाच्या शिटेत सुट्या पिशव्या दिसल्या आणि घुबड खातंय, वजन राखतंय, तर औषध नको.

कच्चा ऊसिस्ट ओळखायचा प्रयत्न

कच्च्या ऊसिस्टमध्ये नुसता दाणेदार गोळा दिसतो. त्यावरून नाव ठेवता येत नाही, तो पिकवावा लागतो. 100 मिलिलिटर पाण्यात 2.5 ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट विरघळवा. शीट त्यात कालवून पसरट बशीत ओता, थर 1 सेंटिमीटरपेक्षा उथळ ठेवा. झाकण सैल ठेवून 25 ते 28 अंशांवर ठेवा आणि रोज एकदा ढवळा, कारण ऊसिस्टला पिकायला हवा लागते. दुसऱ्या दिवसापासून सातव्यापर्यंत रोज थेंब पाहा. बडोद्यात जानेवारीच्या रात्री गार असतात, तेव्हा बशी उबेला न ठेवल्यास आठवडा उलटूनही काही होत नाही आणि ‘नमुना मेला’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे: हातमोजे घाला, मोरीत ओतू नका.

इथली नेहमीची चूक म्हणजे नमुना फॉर्मेलिनमध्ये बुडवून पाठवणं. आकार टिकतो, पण तो ऊसिस्ट पुढे कधीच पिकत नाही. लगेच तपासणी होणार नसेल तर 4 अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा, डीप फ्रीझमध्ये नव्हे.

चुकीची शीट, चुकीचं द्रावण

शिटेत तीन गोष्टी असतात: काळपट किंवा तपकिरी विष्ठा, पांढरी युरेट्स (मूत्रातला घट्ट भाग) आणि पाणी. परजीवी विष्ठेत असतात, पांढऱ्या भागात नाही. वर्तमानपत्र ओल शोषून घेतं, म्हणून संध्याकाळी बैठकीखाली (पक्षी बसतो त्या दांड्याखाली) प्लास्टिकचा स्वच्छ कागद अंथरा आणि सकाळी काळा भाग चमच्याने उचला. घार आणि शिक्रा पिचकारी मारतात, ससाणा सरळ खाली टाकतो, तेव्हा कागद त्याप्रमाणे लांब-रुंद घ्या. ऊसिस्ट रोज सारखे पडत नाहीत: पाच दिवसांत तीन नमुने घेतल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नका.

ऊसिस्ट तरंगून वर यावेत म्हणून संपृक्त मिठाचं पाणी वापरतात. त्यासाठी लिटरला सुमारे 360 ग्रॅम मीठ लागतं, विशिष्ट गुरुत्व 1.20. अर्धा ते एक ग्रॅम शीट 10 मिलिलिटरमध्ये कालवून चहाच्या गाळणीने गाळा, नळी काठोकाठ भरा, वर कव्हरस्लिप ठेवा आणि 15 ते 20 मिनिटं थांबा. तासभर ठेवलंत तर कवचं आक्रसतात. जिआर्डिया या आतड्यातल्या दुसऱ्या एकपेशीय परजीवीची कवचं साखरेच्या किंवा मिठाच्या दाट द्रावणात चेपून ओळखता येईनाशी होतात. त्यासाठी झिंक सल्फेट वापरा, गुरुत्व 1.18. जिआर्डियाचं पोहणारं रूप पाहायचं तर शीट कोमट सलाइनमध्ये अर्ध्या तासाच्या आत काचपट्टीवर यायला हवी.

क्रिप्टोस्पोरिडियम हा आणखी एक परजीवी, त्याचा ऊसिस्ट जेमतेम 4 ते 6 मायक्रोमीटरचा. साध्या तपासणीत तो निसटतो किंवा यीस्टशी त्याची गल्लत होते. झील-नील्सन या रंगवण्याच्या पद्धतीच्या सुधारित रूपाने क्रिप्टोस्पोरिडियम लाल दिसतो, यीस्ट तो रंग धरत नाही.

नसलेले परजीवी पाहणं

पक्ष्यांच्या मूत्रातले युरिक अ‍ॅसिडचे गोळे ऊसिस्टसारखे गोल दिसतात, पण त्यात किरणांसारख्या रेषा असतात आणि ध्रुवित प्रकाशात काळा क्रॉस उमटतो. चरबीचे थेंब कवचाशिवाय चमकतात. हवेचा बुडबुडा जाड काळ्या कडेचा असतो. शंका आली की कंडेन्सर खाली घ्या, 40च्या भिंगाने पाहा आणि आयपीसच्या पट्टीने लांबी-रुंदी मोजा. पट्टी आपल्या यंत्रावर एकदा जुळवून घ्या, अंदाजे आकडे लिहू नका.

हिरवीगार शीट म्हणजे कॉक्सिडिया, हा समज तर फारच पक्का आहे. एक-दोन दिवस उपाशी राहिलेल्या घारीची शीट पित्ताने हिरवी येते. मांज्याने जखमी झालेली घार अगोदरच उपाशी असते.

औषध पाण्यात

कोंबड्यांचं औषध पाण्यात मिसळून ठेवणारे बरेच असतात. शिकारी पक्षी पाणी फार कमी पितात, त्यांची तहान मांसावर भागते, त्यामुळे औषध भांड्यातच राहतं. औषध तोंडाने, वजन करून, पशुवैद्यकाने ठरवलेल्या मात्रेतच. टोल्ट्राझ्युरिल या कॉक्सिडियावरच्या औषधाच्या 2.5 टक्के द्रावणात मिलिलिटरला 25 मिलिग्रॅम असतं. पशुवैद्यकाने किलोला 10 मिलिग्रॅम लिहिलं आणि घार 700 ग्रॅमची असेल तर 7 मिलिग्रॅम, म्हणजे 0.28 मिलिलिटर. 2.8 ओढली तर दहापट. हे द्रावण खूप अल्कधर्मी असतं आणि पक्षी ते उलटून टाकू शकतो, म्हणून मांसाच्या तुकड्यात लपवलेलं बरं पडतं.

मेट्रोनिडॅझोल जिआर्डिया आणि ट्रायकोमोनास (घशातला एकपेशीय परजीवी) यांवर चालतं, कॉक्सिडियावर नाही. जंतनाशकाचाही इथे उपयोग नाही. फेनबेंडाझोल या जंतनाशकाने गिधाडं आणि कबुतरांसारख्या पक्ष्यांत अस्थिमज्जेला इजा होते, वाढती पिसंही बिघडतात. उपचारानंतर सात ते दहा दिवसांनी पुन्हा मोजणी करा.

ट्रायकोमोनास आतड्यात शोधू नका, तो घशात आणि खाद्यपिशवीत असतो. पिवळट, दहीवड्यासारखे थर दिसले तर शीट सोडा, ओला कापूसबोळा घशातून फिरवून कोमट सलाइनमध्ये लगेच पाहा. तो बहुधा पारव्यातून येतो, म्हणून पारवा द्यायचाच असेल तर डोकं, गळा आणि आतडी टाका, मांस गोठवून मग वितळवा.

फिनाइलवर विश्वास

ऊसिस्ट फिनाइल आणि ब्लीचला दाद देत नाहीत. कच्चा ऊसिस्ट पिकायला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो, म्हणून शीट रोज उचलणं हा खरा उपाय. बैठकी आणि फरशी खरवडून उकळतं पाणी ओता, मग कडक उन्हात वाळवा. पक्षी आंघोळ करतो ते पाणी रोज बदला, त्यात शीट पडलेली असतेच. मे महिन्यातला बडोद्याचा उकाडा या कामी मदत करतो. जून-जुलैत बंद पिंजऱ्याची ओल ऊसिस्टना फारच सोयीची पडते, तेव्हा एकाच पिंजऱ्यात आळीपाळीने पक्षी ठेवायचे असतील तर मधले दोन-तीन दिवस तो रिकामा आणि कोरडा ठेवा.