बिनजबड्याच्या माशाचा जीवाश्म कसा ओळखावा

संग्रहालयात पाटी न वाचता मासा ओळखायची हौस असेल, तर जबडा आहे की नाही हे शोधत बसू नका. दगडात जबडा दिसला नाही, तरी तो चिरडून किंवा निसटून गेलेला असू शकतो. त्यापेक्षा जे शिल्लक आहे ते नीट बघा.

आधी खडक. स्कॉटलंडमधला आणि इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरचा लालसर ‘ओल्ड रेड सँडस्टोन’ या माशांसाठी प्रसिद्ध आहे. त्यातले जुने थर सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वीचे. (सह्याद्रीत हातोडी घेऊन फिरू नका. आपला काळा पाषाण जेमतेम 6.6 कोटी वर्षांचा, तोही लाव्हाचा.)

मग डोके. घोड्याच्या नालेसारखी अखंड ढाल आणि मागे शिंगांसारखी दोन टोके दिसली, तर तो बहुधा सेफलॅस्पिस हा बिनजबड्याचा मासा. हे नाव लुई अगासी या निसर्गशास्त्रज्ञाने 1835 साली दिले. आता टॉर्च तिरका धरा, समोरून झोत टाकला की उठाव सपाट दिसतो. ढालीच्या माथ्यावर दोन डोळे अगदी जवळजवळ असतात, त्यांच्यामध्ये एक बारीक छिद्र आणि त्याच्या पुढे कुलपाच्या भोकासारखी एकच नाकपुडी. ही एकुलती एक नाकपुडी सापडली की माझ्या मते निम्मे काम झाले. तोंड आणि कल्ल्यांची छिद्रे खालच्या बाजूला असतात, म्हणून वरून ती दिसणार नाहीत.

टेरॅस्पिस या दुसऱ्या बिनजबड्याच्या माशाला मात्र ही खूण लागू पडत नाही. त्याचे चिलखत अनेक तुकड्यांचे, नाक चोचीसारखे पुढे आलेले, डोळे दोन बाजूंना आणि जोडीचे पर मुळीच नाहीत. इथे भिंग काढा. कवचावर बोटांच्या ठशांसारख्या बारीक, समांतर रेषा दिसतील. 1847 साली क्नेर या अभ्यासकाला हे कवच माकुळाच्या जातीतल्या प्राण्याचे, म्हणजे आपल्या समुद्रफेसासारखे काहीतरी वाटले होते. 1858 मध्ये हक्सली या जीवशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली रचना तपासून तो मासाच असल्याचे दाखवले.

शेवटी एक सापळा. चिलखत कॉकोस्टियस या जबडेवाल्या माशालाही होते, आणि तोही स्कॉटलंडच्या याच दगडातला, फक्त वरच्या, नंतरच्या थरांमधला. तेव्हा मानेकडे बघा. डोक्याचे आणि धडाचे चिलखत वेगळे असून मध्ये बिजागरीसारखा सांधा दिसला, तर हा आपला मासा नव्हे.