खो देता आला पाहिजे

वॉर्डात नवीन सिस्टर आली की मी पहिल्या आठवड्यातच विचारते, शाळेत काय खेळायचीस? खो-खो म्हणाली तर माझं निम्मं शिकवणं वाचतं. बाकीच्यांसाठी हे लिहितेय.

आधी खो नीट समजून घ्या. बसलेलीच्या पाठीमागून जवळ जायचं, हात लावायचा आणि त्याच क्षणी मोठ्याने ‘खो’ म्हणायचं. समोरून दिला, लांबून ओरडून दिला, तर फाऊल. पंचांची शिट्टी वाजते आणि हातातोंडाशी आलेला गडी सुटतो. खो दिला की तिच्या रिकाम्या चौकोनात लगेच बसायचं. मुलींना हेच सगळ्यांत जड जातं. दमवून दमवून गडी आपण टप्प्यात आणायचा आणि बाद दुसरीने करायचा! पण पाठलाग करणारीला मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची रांग, ओलांडता येत नाही, खांब गाठल्याशिवाय वळता येत नाही. गडी पलीकडच्या बाजूला गेला की तो तुमचा राहिलाच नाही, तिकडे तोंड करून बसलेलीचा झाला. १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियम घालून दिले. माझ्या मते त्यातलं सगळ्यांत मोठं शिक्षण या एका बंधनात आहे.

आता ड्युटी बदलताना काय करायचं ते सांगते. टेबलाशी बसून रजिस्टर पुढे सरकवू नका. दोघींनी मिळून प्रत्येक कॉटपाशी जा. तोंडाने, स्पष्ट सांगा: “पाच नंबर. सकाळपासून लघवी कमी आहे, डॉक्टरांना कळवलंय, ते अजून बघून गेलेले नाहीत. दुपारी दोनचं इंजेक्शन दिलंय.” घेणारीने ते परत म्हणून दाखवायचं. राहिलेलं काम आधी सांगा, झालेलं नंतर. नातेवाइकांनाही सांगा की आता या सिस्टर आहेत, काही लागलं तर यांना हाक मारा. मग घरी जा. बसमधून फोन करून “ते केलं का, हे केलं का” विचारत राहिलात, तर खो देऊनही तुम्ही पळतच आहात.

दुसरी गोष्ट बसण्याची. पाठलागाला एक जण पळते, आठ जणी बसलेल्या असतात, एकीआड एक उलट्या दिशेला तोंड करून. बसणं म्हणजे विश्रांती नव्हे. भार चवड्यांवर, बोटं जमिनीला टेकलेली, नजर धावणाऱ्या गड्यावर, कान मागे. खो मिळण्याआधी उठायचं नाही आणि मिळाल्यावर अर्धा क्षणही घालवायचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच, याचा मला फार अभिमान आहे. ते सामने मुलांना जरूर दाखवा, पण एकदा तरी पळणाऱ्यांना सोडून फक्त बसलेल्यांकडे बघायला सांगा.

वॉर्डात याचा अर्थ असा: आज इमर्जन्सी ट्रॉली तुमच्याकडे नसली तरी ड्युटीवर येताच तिचे खण उघडून बघा. कुठलं औषध कुठे आहे, ऑक्सिजन सिलिंडर किती भरलाय, बघून ठेवा. शेजारच्या खोलीतला पेशंट बिघडतोय हे कानावर आलं की हातातलं काम आवरतं घ्या. पण बोलावल्याशिवाय मध्ये घुसू नका. चौघी एकदम उठल्या की गोंधळच होतो.

आणि खो मैत्रिणीला द्यायचा नसतो. जी जवळ आहे, जिचं तोंड गड्याच्या बाजूला आहे, तिला द्यायचा, मग मधल्या सुट्टीत तिच्याशी भांडण झालेलं का असेना. जड पेशंट सोपवताना आवडती सिस्टर शोधू नका. त्या घडीला कोण मोकळी आहे आणि ते काम कोणाला येतं, एवढंच बघा, जवळ जा आणि नाव घेऊन सांगा.