रोडमॅपच्या बैठकीआधीची तयारी: टास्क भरणाऱ्याला विचारलंत का?

पुढच्या तिमाहीत काय बांधायचं हे ठरवायची बैठक जवळ आली की मी आता तयारी लिहून काढतो. मागच्या वेळी काढली नव्हती. आमचं सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं. त्यात आम्ही चांगले चार महिने गँट चार्टवर (प्रत्येक कामाची तारखांवर पसरलेली आडवी पट्टी दाखवणारा तक्ता) घातले, रिलीजच्या दिवशी एकमेकांची पाठ थोपटली, आणि सहा आठवड्यांनी एका ग्राहकाच्या खात्यात डोकावलो तर अर्ध्याअधिक पट्ट्या लाल होऊन पडलेल्या. कामं रखडली असतील असं वाटलं. विचारल्यावर कळलं की कामं कधीच संपली होती, फक्त सॉफ्टवेअरला ते कुणी सांगितलं नव्हतं.

तिथल्या एका टेस्टरने स्क्रीन शेअर करून दाखवलं. तिने टास्क उघडला, खाली सरकली, अकरा स्टेटसच्या यादीतून एक शोधून काढलं. ‘प्रत्यक्ष लागलेले तास’ हा रकाना रिकामा ठेवून सेव्ह होईना, म्हणून तिथे १ टाकला. ‘एकच तास लागला?’ मी विचारलं. ‘नाही हो, मी सगळीकडे एकच टाकते,’ ती म्हणाली. त्या एकच्या आकड्यावर आमचा तासांचा अख्खा रिपोर्ट उभा होता, आणि तो रिपोर्ट आम्ही डेमोत कौतुकाने दाखवत होतो.

तर खालचं सगळं वाचताना एक प्रश्न डोक्यात ठेवा, कारण मी तो पुन्हा पुन्हा विचारणार आहे: टास्क भरणाऱ्याला विचारलंत का?

सुरुवातीची जमवाजमव सगळ्यांना माहीत असते. ग्राहकांच्या मागण्या, सपोर्टची तिकिटं, सोडून गेलेल्यांची कारणं, वापराचे आकडे, हे सगळं एका जागी आणा. दुहेरी नोंदी काढून टाका. दोन वर्षांपूर्वीची जी मागणी परत कुणी काढली नाही ती बंद करा, तिची खरंच गरज असेल तर ती पुन्हा येईल. अंतिम शब्द कुणाचा हे नावानिशी ठरवा. या तिमाहीचं उद्दिष्ट एकच आणि एका वाक्यात मावेल असं ठेवा. वाक्यात ‘आणि’ आलं की दोन उद्दिष्टं झाली.

मागण्या जशा आल्या तशा यादीत चिकटवू नका. लोक अडचण सांगत नाहीत, उपाय सांगतात. ‘गँट चार्ट द्या’ असं तीन मोठ्या ग्राहकांनी सांगितलं होतं. त्यांना खरं हवं होतं ते असं: ‘एक तारीख हलली तर पुढे कुणाकुणाचं अडणार हे मला सोमवारी सकाळी कळायला हवं.’ त्याला चार्ट लागतोच असं नाही. अवलंबून असलेल्या टास्कच्या मालकांना एक सूचना गेली असती तरी निम्मं काम भागलं असतं. प्रत्येक मागणीसमोर ‘हे मिळाल्यावर तुम्ही वेगळं काय कराल?’ या प्रश्नाचं उत्तर लिहा. उत्तर नसेल तर फोन करा. ‘वरच्यांना दाखवायला हवंय’ असं उत्तर आलं तर तेही लिहा, तीही गरजच आहे. फक्त ती गरज कुणाची, हे नीट कळू द्या.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये पैसे देणारा एक, मागणी करणारा बहुधा तोच, आणि रोज माहिती भरणारा भलताच कुणीतरी असतो. सेल्सची गाठ पहिल्याशी पडते. सल्लागार गटात पहिलाच येऊन बसतो. तो डॅशबोर्ड मागतो, सगळ्या प्रोजेक्टचं एकत्र चित्र म्हणजे पोर्टफोलिओ मागतो, कुणावर किती भार आहे त्याचा नकाशा मागतो, आणि त्याचं काही चुकत नाही. पण या प्रत्येक गोष्टीचा कच्चा माल भरणाऱ्याच्या बोटांतून येतो, आणि भरणाऱ्याला त्यातून काहीही परत मिळत नाही. त्याच्या लेखी आपलं सॉफ्टवेअर म्हणजे दिवसातून दहादा भरायचा फॉर्म. तो सपोर्टला तिकीट टाकत नाही, खातं बंद करायचा अधिकार त्याच्याकडे नसतो, म्हणून तो कुठल्याच आकड्यात तक्रार करताना दिसत नाही. तो गुपचूप चॅटवर ‘झालं’ असं लिहितो आणि पुढच्या कामाला लागतो. मग शुक्रवारी मॅनेजर एकटा बसून सगळ्यांचे टास्क स्वतः सरकवतो. आमच्या नोंदींत हे ढळढळीत दिसत होतं: स्टेटसचे बहुतेक बदल शुक्रवारी दुपारी, एकाच लॉगिनवरून. आठ महिने तो आलेख आमच्या समोर होता, आणि आम्ही त्याला ‘आठवड्याच्या शेवटी वापर वाढतो’ असं म्हणत होतो. हसू नका.

हेन्री गँट यांचे तक्ते १९१०च्या दशकातले. ते कागदावर हाताने भरले जायचे आणि भरणं हे कुणाचंतरी नेमून दिलेलं काम असायचं. आपण चित्र उचललं, भरणारा मात्र गृहीत धरला. उलट बाजूचं उदाहरण ट्रेलोचं, कामांची कार्डं मांडायच्या बोर्डाच्या सॉफ्टवेअरचं. २०११मध्ये ते आलं तेव्हा मुख्य गोष्ट एकच होती, कार्ड ओढायचं आणि पुढच्या रकान्यात टाकायचं. २०१७मध्ये अटलासियन कंपनीने ते ४२.५ कोटी डॉलरला विकत घेतलं, तेही स्वतःच्या घरात २००२पासूनचं जिरा हे कामांचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर असताना.

म्हणून बैठकीच्या किमान दोन आठवडे आधी तीन वेगवेगळ्या ग्राहकांकडची, मॅनेजर नसलेली माणसं गाठा. एक डेव्हलपर, एक टेस्टर किंवा डिझायनर, आणि एखादा असा की ज्याला संगणकाचं फारसं प्रेम नाही. मुलाखत घेऊ नका. मुलाखतीत सगळे ‘छान आहे’ म्हणतात. त्यांना त्यांचं कालचं खरं काम नोंदवायला सांगा आणि गप्प बसून बघा. किती टिचक्या लागल्या, कुठला रकाना बळजबरीने भरला, कुठे खोटं लिहिलं ते टिपा. फोनवरून करताना वेगळं बघा, तिथे दुपटीने रडारड असते. ओळख मॅनेजरकडून मागून घ्या, पण मॅनेजरला त्या कॉलवर बसू देऊ नका. तो बसला की सगळे रकाने खरेच भरले जातात.

क्षमता मोजताना स्वतःशी खोटं बोलू नका. पाच डेव्हलपर, तीन महिने, म्हणजे पंधरा व्यक्ती-महिने हे गणित शाळेपुरतं ठीक. त्यातून सुट्ट्या वजा करा, सपोर्टला आळीपाळीने बसणारा वजा करा, बग, सुरक्षा अपडेट, मुलाखती वजा करा. आमच्याकडे खरे नऊ उरतात. तुमचा आकडा मागच्या दोन तिमाहींच्या नोंदीतून काढा, मनातून नको. आणि अर्धवट पडलेली कामं मोजा. जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला साधा नियम आहे: हातात सरासरी बारा कामं असतील आणि महिन्याला तीन संपत असतील, तर एक काम पार पडायला सरासरी चार महिने लागणार. तेरावं काम ‘छोटंसंच आहे’ म्हणून घुसवाल तर बाकीच्या बारांना त्याची झळ लागते.

गुण द्यायची पद्धत कुठलीही घ्या, पण एकच घ्या. मॉस्को (MoSCoW) पद्धत डाय क्लेग यांनी १९९४मध्ये ओरॅकलमध्ये असताना काढली: हवंच, असावं, असलं तर बरं, यावेळी नको. ती वापरणार असाल तर ‘हवंच’ या खणात एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांहून जास्त भरू नका. डीएसडीएम या सॉफ्टवेअर बांधायच्या पद्धतीवाल्यांचा हा सल्ला आहे आणि शहाणा आहे, कारण नाहीतर सगळंच ‘हवंच’ होतं. नोरिआकी कानो यांचं १९८४चं मॉडेल सांगतं की काही गोष्टी असल्याने कुणी खूश होत नाही, नसल्या की मात्र भडकतं. पटकन चालणारा शोध, अनडू, एक्सपोर्ट या त्यातल्या. त्या डेमोत चमकत नाहीत, म्हणून दरवेळी खाली ढकलल्या जातात.

आम्ही इंटरकॉम या सॉफ्टवेअर कंपनीचं राइस (RICE) सूत्र वापरतो: पोहोच, परिणाम आणि खात्री यांचा गुणाकार, भागिले मेहनत. परिणामाला ३पासून ०.२५पर्यंत गुण, खात्री १००, ८० किंवा ५० टक्के, मेहनत व्यक्ती-महिन्यांत. सूत्राचा दोष नाही, आपण त्यात काय कोंबतो त्याचा आहे. समजा गँट चार्ट. पोहोच ९००, कारण ‘सगळ्यांनाच दिसणार’. परिणाम २, खात्री ८० टक्के, मेहनत ६. गुण २४०. समोर ‘स्टेटस एका टिचकीत बदलावं’. मागणारे ३०, म्हणून पोहोच ३०, परिणाम ०.५, खात्री ८० टक्के, मेहनत १. गुण १२. गँट वीसपट पुढे, बैठक संपली, चला जेवायला. आता पोहोच म्हणजे ‘तिमाहीत प्रत्यक्ष हात लावणारी माणसं’ असं धरून तेच पुन्हा करा. चार्ट उघडणारे मॅनेजर ६०, आणि तारखा ताज्या राहतील याची खात्री ५० टक्केच: गुण १०. स्टेटस बदलणारे ७००, परिणाम १: गुण ५६०. सूत्र तेच, कामं तीच, फक्त मधल्या वेळात कुणीतरी टास्क भरणाऱ्याला विचारलं. आमच्याकडे विचारलं नव्हतं. म्हणून पोहोचेच्या आकड्याशेजारी ‘कुठून आला’ हा रकाना ठेवा आणि तो रिकामा असेल तर ती ओळ बैठकीत आणू नका.

मेहनतीचा अंदाज घेताना काही फीचर दिसतात उंदराएवढी आणि निघतात हत्तीएवढी. ‘ग्राहकाला स्वतःचे रकाने जोडू द्या’ ही त्यातली पट्टराणी. रकाना जोडणं दोन आठवड्यांचं काम. मग तो फिल्टरमध्ये हवा, शोधात हवा, रिपोर्टमध्ये हवा, इम्पोर्ट-एक्सपोर्टमध्ये, दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणाऱ्या एपीआयमध्ये, फोनच्या ॲपमध्ये हवा, आणि कुणाला दिसावा, कुणाला नाही याचे अधिकार हवेत. शिवाय उद्या प्रत्येक मॅनेजर पाच रकाने जोडून त्यावर ‘सक्तीचा’ अशी खूण करणार. आणि ते भरणार कोण? तोच. त्याला विचारलंत?

बारीक पण जीवघेण्या गोष्टींची वेगळी तपासणी करा, त्या कुणी मागत नाही. ड्यू डेट ही निव्वळ तारीख म्हणून साठवता की वेळेसकट? १२ तारीख सुरू होतानाची मध्यरात्र यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवली की न्यूयॉर्कमध्ये बसलेल्याला ११ तारीख दिसते आणि त्याचा टास्क एक दिवस आधीच लाल होतो. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) एक्सपोर्ट करताना सुरुवातीची बीओएम खूण, म्हणजे मजकूर कुठल्या लिपिसंकेतात आहे ते सांगणारी, टाकली नाही, तर एक्सेलमध्ये दोन टिचक्यांनी उघडलेल्या फाइलमधली देवनागरी नावं किडामुंगीसारखी दिसतात. पाच टास्कांवर धावणारा बोर्ड पाच हजारांवर बसतो का? एका बदलामागे किती सूचना जातात? माझ्या टेस्टरबाईंनी आमच्या सगळ्या मेल थेट एका फोल्डरमध्ये वळवल्या होत्या. ते फोल्डर त्यांनी कधी उघडलं नव्हतं.

कशावर काय अवलंबून आहे ते कागदावर काढा. अधिकारांची पुनर्रचना आधी, पाहुण्या सदस्यांची सोय नंतर. उलटं केलंत तर दोनदा कराल.

बैठकीत सेल्स, सपोर्ट, डेव्हलपमेंट, डिझाइन यांचा एकेक माणूस पुरे. गुण आधी प्रत्येकाने एकट्याने द्यावेत, मग उघडावेत, नाहीतर सगळ्यात मोठ्या आवाजाचा आकडा सगळ्यांच्या कागदावर उमटतो. एखादा मोठा ग्राहक अमुक नाही दिलं तर जाईन म्हणत असेल तर त्याचा करार कधी संपतो ते पाहून या. भरणाऱ्या तिघांचं रेकॉर्डिंग बैठकीच्या सुरुवातीला लावा. शेवटी ठेवलंत तर वेळ संपतो. आमच्याकडे एकदा संपलाच.

‘यावेळी नाही’ ही यादी लिहा, कारणासकट, आणि सेल्सला द्या. तारखा बाहेर सांगताना तिमाही सांगा, दिवस सांगू नका.

पुढचं भराभर. प्रत्येक कामाचं यश कशाने मोजायचं ते बांधण्याआधी लिहा. फीचर फ्लॅगमागे (ठरावीक ग्राहकांपुरतं चालू-बंद करायच्या बटणामागे) ठेवा, आधी दोन ग्राहकांना द्या. सपोर्टला रिलीजच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी सांगा. महिन्याने आकडे बघा, शुक्रवार दुपारचा आलेख आधी. तो सपाट झाला नसेल तर नवीन काही बांधू नका.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी एवढंच तपासा: तीन नावं, तीन रेकॉर्डिंग, तिघंही टास्क भरणारे. एकही मॅनेजर सापडला तर बैठक आठवडाभर पुढे ढकला आणि कॅलेंडरवर कारण म्हणून तेच लिहा.