टेनिस शिकताय? या चुका टाळा, आणि हातातलं क्रिकेट आधी उतरवा

नाशिकमध्ये टेनिस शिकायला येणारे बरेच जण गल्लीत नाहीतर गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट खेळून आलेले असतात. मीही त्यातलाच. पहिल्या दिवशी दोन बॉल कुंपणापार गेले तेव्हा कोच म्हणाला, "काका, इथे सिक्सरचा पॉइंट समोरच्याला मिळतो."

ही सवय सगळ्यात जास्त नडते ती दोन हातांच्या बॅकहँडला, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डावीकडच्या शॉटला. उजव्या हाताच्या बॅटरचा डावा हात दांड्याच्या टोकाशी असतो आणि उजवा पात्याकडे. टेनिसमध्ये बरोबर उलटं: उजवा हात दांड्याच्या बुडाशी, डावा रॅकेटच्या डोक्याकडे, म्हणजे डावखुऱ्या बॅटरसारखं. घाईत हात जुन्या जागी जातात आणि मनगटं एकमेकांत अडकतात. यावर उपाय म्हणजे नुसत्या डाव्या हाताने वीस-पंचवीस बॉल हळू मारायचे. पहिले दहा लाज आणतात. मग कळतं, हा शॉट मुळात डाव्या हाताचाच आहे.

फोरहँड, म्हणजे उजव्या बाजूचा शॉट, सारखा उजवीकडे बाहेर जातोय? (डावखुऱ्यांनी उलट वाचावं.) बहुतेक वेळा उशीर होत असतो, उगाच मनगट दोषी ठरतं. आपल्याकडे टप्पा पडल्यावर रॅकेट मागे नेली तर बॉल अंगावर येणारच. समोरच्याने मारताक्षणी खांदा वळायला हवा. रॅकेट बाजूला ठेवा, कुणाला तरी बॉल टाकायला सांगा आणि कमरेच्या उंचीवर, पुढच्या पायाच्या थोडा पुढे तळहाताने अडवा. रॅकेटनेही तिथेच मारायचं.

नेट मध्यभागी 91.4 सेंटिमीटर उंच असतं, तरी नवखे त्याला घासून मारायला बघतात. चांगलं मीटरभर वरून जाऊ द्या, कोर्ट 23.77 मीटर लांब आहे.

सर्व्हिसला हातोडी धरतो तशी पकड घ्या आणि आधी नुसता टॉस, म्हणजे मारण्याआधी बॉल वर उडवणं, घोटवा. न मारता सोडलेला बॉल पुढच्या पायाच्या जरा पुढे पडला पाहिजे. खराब टॉसवर रॅकेट फिरवू नका. झेला, परत टाका, नियमात बसतं.

आणि डिसेंबरच्या सकाळी सगळे शॉट अचानक नेटमध्ये जाऊ लागले तर पकड बदलत बसू नका. गारठ्यात बॉल कमी उसळतो. गुडघे जास्त वाकवा, आणि डबा फोडून महिना झाला असेल तर बॉल बदला. जुने गल्लीतल्या पोरांना द्या, ती वाटच बघत असतात.