नव्याचे नऊ दिवस ओसरल्यावर टॅटू कसा दिसेल, हे आधीच कसं ओळखावं

माझ्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला 'संघर्ष' असं लिहिलेलं आहे. म्हणजे बारा वर्षांपूर्वी लिहिलं होतं. अक्षरांची उंची जेमतेम सहा मिलिमीटर, रेषा केसासारखी बारीक. त्याच संध्याकाळी काढलेला फोटो आजही सुरेख दिसतो. मनगट मात्र ट्यूबलाइटखाली धरलं, तर अनुस्वार शिरोरेषेला चिकटून तिथे नुसती गाठ उरलीय, रफार शिरोरेषेत विरघळलाय आणि 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ पोटासकट काळी झालीय. नवा माणूस 'संघप' असं वाचतो आणि भीतभीत विचारतो, ही कुठली संघटना?

करणाऱ्याचा हात वाईट नव्हता. हट्ट माझा होता: नाजूक हवं, छोटं हवं, मनगटावरच हवं. टॅटू निवडताना आपण त्याचा पहिला दिवस बघतो आणि पुढची तीस वर्षं बघायचं राहून जातं. ती कशी बघायची, तेवढंच इथे सांगतो.

आधी शाई कुठे बसते ते समजून घ्या

सुई त्वचेत साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. वरचा थर सतत झडून नवा होत असतो, त्यामुळे तिथे शाई राहिली तर काही आठवड्यांत निघून जाईल. म्हणून ती त्याखालच्या थरात सोडतात. शरीराच्या दृष्टीने हा बाहेरून आलेला कचराच. मॅक्रोफेज नावाच्या पेशी तो गिळतात, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधल्या मार्से इथल्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांच्या शेपटीवर टॅटू करून दाखवलं, की अशी पेशी मेली की शाईचे कण मोकळे होतात आणि शेजारी आलेली नवी पेशी ते उचलून घेते. थोडक्यात, तुमचा टॅटू पेशींच्या एका पिढीकडून दुसरीकडे सोपवला जात असतो. वर्षानुवर्षांच्या या देवघेवीत काही कण जागचे हलतात आणि अगदी बारीक कण लसीकाग्रंथींपर्यंत वाहून जातात. वरून ऊन रंगाचे रेणू फोडत असतं आणि वयाबरोबर त्वचाही सैलावते.

याचे परिणाम दोन. रेषा हळूहळू जाड होते आणि फिकट छटा आधी उडतात. कुठलीही शैली समोर आली, की मी तिला हेच विचारतो: रेषा दुप्पट जाड झाली आणि फिका रंग उडाला, तर मागे काय उरेल?

मग शैली बघा, पण म्हाताऱ्या झालेल्या

अमेरिकन ट्रॅडिशनल म्हणजे जाड काळी आउटलाइन, मोजके भडक रंग आणि भरपूर काळं शेडिंग. नांगर, गुलाब, गरुड असे विषय. होनोलुलूत काम करणारे नॉर्मन कॉलिन्स ऊर्फ सेलर जेरी (1911–1973) हे या शैलीतलं मोठं नाव. त्यांचं गिऱ्हाईक खलाशी आणि सैनिक, म्हणजे ऊन आणि खारा वारा खाणारी कातडी. जाड तेच टिकतं, असं या धंद्यात म्हणतात ते उगाच नाही. लाल रंग विटकरी झाला, पिवळा उडाला, तरी गुलाब गुलाबच दिसतो. काहींना ही शैली कॅलेंडरवरच्या चित्रासारखी वाटते. मलाही वाटायची. मनगटाकडे बघून मत बदललं.

जपानी पद्धतीचं मोठं कामही असंच छान मुरतं. लाटा, ढग, वारा यांची काळी-करडी पार्श्वभूमी मासा किंवा ड्रॅगन याला उठाव देते, आणि मूळ आखणीच अख्खी पाठ किंवा अख्खा हात धरून केलेली असते. रंग मंदावले तरी पार्श्वभूमीचा काळा आकार सांभाळतो. मात्र हे काम एका दिवसात होत नाही. अनेक बैठका लागतात, आणि अर्धवट सोडलेली पाठ फार केविलवाणी दिसते.

नुसत्या काळ्या शाईचं भरीव काम, म्हणजे ब्लॅकवर्क, टिकाऊपणात वरच्या नंबरात येतं. काळ्या शाईतला कार्बन उन्हाला सहज दबत नाही. आल्प्सच्या बर्फात 1991 मध्ये सापडलेल्या, पाच हजारांहून जास्त वर्षं जुन्या ओट्झी या गोठलेल्या माणसाच्या अंगावर 61 खुणा मोजल्या गेल्या. साध्या रेघा आणि फुल्या, काजळीच्या. (मेल्यानंतर तो बर्फात होता, उन्हात नाही, हे मान्य.) ब्लॅकवर्कचा खरा धोका वेगळाच आहे. वर्तुळ किंवा सरळ रेघ जरा जरी वाकडी गेली, तरी ती आयुष्यभर डोळ्यांत खुपते.

ठिपक्यांच्या मंडलात ठिपके किती दाट आहेत, यावर सगळं अवलंबून असतं. फार जवळ असतील तर काही वर्षांत करडा धुरळा उरतो.

माणसाचा चेहरा, वाघाचे डोळे अशा ब्लॅक अँड ग्रे रिअलिझममध्ये करडी छटा म्हणजे पातळ केलेली काळी शाईच असते. सर्वांत पातळ छटा सर्वांत आधी जाते. म्हणून जाणता आर्टिस्ट अगदी गडद काळाही ठेवतो आणि उजेडाच्या जागी कातडी कोरी सोडतो. सगळंच मधल्या करड्यात केलेलं असेल तर नव्यात मऊ, देखणं दिसतं आणि पुढे डागासारखं. जवळच्या माणसाचा चेहरा काढायचा असेल तर निदान तळहाताएवढा काढा. त्याहून लहान चेहऱ्यात पापण्या आणि ओठ एकमेकांत मिसळतात, आणि आपलं माणूस ओळखू येत नाही याचं दुःख वेगळंच असतं.

फाइन लाइनची, म्हणजे केसासारख्या बारीक रेषांच्या कामाची, सध्या चलती आहे. वाईट शैली नव्हे, पण चूक माफ न करणारी. सुई जरा वर राहिली तर रेषा तुटक होऊन नाहीशी होते. जरा खोल गेली तर शाई खालच्या चरबीत पसरून रेषेभोवती निळसर सावली धरते. तिला ब्लोआउट म्हणतात आणि ती सहज पुसता येत नाही. दोन रेषांमध्ये मोकळी जागा भरपूर असेल, म्हणजे एखादी डहाळी किंवा एकच वळणदार रेघ, तर फाइन लाइन शोभून म्हातारी होते. नखाएवढ्या जागेत अख्खं शहर बसवलं तर नाही.

वॉटरकलरला, म्हणजे जलरंगात रंगवल्यासारख्या टॅटूला, काळी चौकट नसते, तेच त्याचं सौंदर्य आणि तीच अडचण. रंग फिके पडल्यावर धरून ठेवायला काही उरत नाही, आणि बऱ्या होत आलेल्या मुक्या मारासारखं दिसू लागतं. आवडतच असेल तर रंगांच्या खाली काळ्या रेषांचा सांगाडा मागा. पांढऱ्या शाईच्या टॅटूबद्दल एवढंच, की तो बहुधा पिवळट पडतो किंवा जुन्या वळासारखा दिसतो.

देवनागरी लिहून घेणार असाल तर

इथे जरा थांबा, कारण आपली लिपी पोटांची आणि गाठींची आहे. 'ब' आणि 'ष'च्या पोटातली रेघ, 'क्ष' आणि 'ज्ञ'मधली वळणं, 'श्र'चा तिरका फटकारा, हे सगळं बारीक आकारात आधी बुजतं. त्याहून फसवी जोडी म्हणजे 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ'. त्यांच्यात फरक काय, तर एक छोटी गाठ आणि शिरोरेषेतली फट. शाई पसरून फट बुजली की 'धन'चं 'घन' होतं, आणि 'भरत' नावाच्या भावासाठी कोरलेलं प्रेम 'मरत' वाचलं जातं. जोडाक्षरं असलेला शब्द दीड सेंटिमीटर उंचीच्या आत करू नये, असं माझं मत झालं आहे. शिरोरेषा थोडी बारीक आणि अनुस्वार तिच्यापासून चांगला वर घ्यायला सांगा. कधी कधी शिरोरेषाच काढून टाकली तर अक्षरं जास्त वर्षं मोकळी राहतात, पण मग ते 'ध-घ', 'भ-म' निव्वळ गाठीवर तगतात, हे लक्षात ठेवा.

आर्टिस्टला लिपी वाचता येत नसेल तर स्टेन्सिल, म्हणजे चित्र कातडीवर उतरवायचा कागद, चिकटवण्याआधी अक्षर न् अक्षर स्वतः तपासा. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी मोडते: ह्रस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडते, जोडाक्षर सुटतं आणि पाय मोडलेलं अक्षर उघडं पडतं. कागदावर ती चूक असते. कातडीवर गेली की तुमची ओळख होते.

घरी करायची स्केचपेनची परीक्षा

डिझाइन खऱ्या आकारात छापा. मोठं करून बघायचा मोह टाळा, कारण स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. आता काळं स्केचपेन घ्या आणि प्रत्येक रेषेवरून एकदा हात फिरवा, म्हणजे ती साधारण दुप्पट जाड होईल. फिक्या छटा पांढऱ्या रंगाने झाकून टाका. कागद भिंतीवर लावा, चार पावलं मागे या आणि घरातल्या अशा माणसाला बोलवा ज्याने मूळ चित्र पाहिलेलं नाही. त्याला विचारा, हे काय आहे? तो चटकन 'घुबड' म्हणाला तर घुबड टिकेल. 'ढग? नाही, बटाटा?' असं सुरू झालं, तर एकतर आकार वाढवा किंवा तपशील काढा. बहुतेक डिझाइनं तपशील काढल्यावरच सुधारतात. मी ही परीक्षा मनगटाआधी केली असती, तर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

जागा

बोटं, तळहाताच्या कडा, पावलांचे तळवे इथली कातडी सतत घासते आणि झडते. तिथला टॅटू लवकर तुटतो आणि पुन्हा पुन्हा भरावा लागतो. अंगठीच्या जागी नाजूक रेघ काढून घेणाऱ्यांनी हे आधी पचवावं. कोपर, गुडघा आणि घड्यांच्या जागाही कठीणच. दंडाची बाहेरची बाजू, पाठ, मांडी, पोटरी इथे काम शांतपणे मुरतं. व्यायामाने दंड थोडा भरला तर फारसं बिघडत नाही, पण गरोदरपणात किंवा वजन बरंच बदलल्यावर पोटावरचं चित्र ताणलं जाऊ शकतं. स्टेन्सिल लावल्यावर झोपून नव्हे, तर आरशासमोर सहज उभं राहून बघा. हात फिरवला की वर्तुळाचं अंडं होतं का, ते तेव्हाच कळतं.

रंग निवडताना हेही लक्षात घ्या, की शाई त्वचेच्या नैसर्गिक रंगाच्या खाली असते. आपण तिच्याकडे गडद काचेतून बघावं तसं बघतो. सावळ्या आणि काळ्या वर्णावर फिकट पिवळा, आकाशी, गुलाबी जवळजवळ हरवतात. काळा आणि गडद लाल उठून दिसतात. काळी शाई पुढे निळसर वाटते, तीही बरीचशी प्रकाश त्वचेतून विखुरल्यामुळे.

आर्टिस्टकडे काय मागावं

ताजे फोटो नकोत. ते सगळ्यांचे सुंदरच असतात: कडेला लालसर सूज, वर ओलसर चमक आणि फोनचा फिल्टर. "भरून आलेल्या, दोन-तीन वर्षं जुन्या कामाचे फोटो दाखवता का? माझ्या वर्णाच्या कातडीवरचे?" एवढंच विचारा. जो उत्साहाने फोन पुढे करतो, त्याच्याकडे बसा. जो "अहो, आपलं काम बदलतच नाही" म्हणतो, त्याचा निरोप घ्या.

सुई बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली पाहिजे, शाई नव्या छोट्या कपात ओतली पाहिजे आणि हातमोजे बदलले पाहिजेत. हेपटायटिस बी आणि सी हे सुईतून पसरणारे आजार आहेत, तिथे भीड नको. जखमेचा वण फुगून वर येण्याची प्रवृत्ती असेल, मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. अॅलर्जीच्या तक्रारी लाल शाईच्या जास्त आढळतात.

नंतरची वर्षं

वरची जखम साधारण दोन ते चार आठवड्यांत भरते. तोवर खपली ओढायची नाही, पोहायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही. ओढलेल्या खपलीबरोबर शाईही निघते आणि रेषेत भोकं पडतात. एकदा भरला की बाहेर पडताना एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा. रंग टिकवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

टचअप तुटक रेषा जोडायला आणि उडालेला रंग भरायला आहे. पसरलेली रेषा त्याने बारीक होत नाही. उलट, दर वेळी नवी शाई गेल्याने जाडच होते. लेझरने काळी शाई त्यातल्या त्यात सहज निघते, पण अनेक बैठकांत. पांढरी आणि काही फिकट शाई मात्र लेझर लागल्यावर काळवंडूही शकते.

मी मध्यंतरी कव्हरअपची चौकशी केली. आर्टिस्टने मनगट उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, की नवं चित्र जुन्याच्या निदान दुप्पट-तिप्पट मोठं आणि त्याहून गडद लागेल. तेवढी जागा माझ्या मनगटावर नाही. त्यामुळे सध्या मी संघपचा एकमेव सदस्य आहे.