तिन्ही व्ह्यू एकत्रच पुढे न्या

इंजिनिअरिंग ड्रॉइंगमधल्या ऑर्थोग्राफिकच्या (एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने बघून काढायची, म्हणजे फ्रंट, टॉप आणि साइड व्ह्यू) शीटवर मार्क जातात ते बहुधा एकाच कारणाने: तीन व्ह्यू तीन सुटी चित्रं समजून काढली जातात. आधी फ्रंट पूर्ण, मग टॉप, मग जागा उरेल तिथे साइड. मी सगळ्यात जास्त काळ अडकले ती इथेच, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

एक ठोकळा घ्या: 100 मिमी लांब, 40 रुंद, 60 उंच. त्याचा उजवीकडचा वरचा भाग तिरपा कापलाय, माथ्यावर 30 मिमी आत आणि बाजूने 40 मिमी खाली. फ्रंट व्ह्यूमध्ये हा काप म्हणजे नुसती एक तिरपी रेघ, लांबी 50. आता टॉप व्ह्यू. हात आपोआप 50 घ्यायला जातो, कारण तो तिरपा पृष्ठभाग खरोखरच 50 बाय 40 आहे. पण वरून बघताना उतार दिसतच नाही. दिसतो फक्त 30 बाय 40 चा आयत. उजवीकडून पाहिलं तर 40 बाय 40 चा चौरस. टॉप आणि साइड, दोन्हींत या कापाचे 50 कुठेच मोजता येत नाहीत. वाचताना हे लगेच पटतं आणि परीक्षेच्या घाईत हमखास निसटतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण पक्का आहे. तिरप्या पृष्ठभागाच्या चारही कोपऱ्यांना 1, 2, 3, 4 नंबर द्या आणि प्रत्येक नंबर तिन्ही व्ह्यूंत शोधा. टॉपमधला कोपरा फ्रंटमधल्या त्याच नंबराच्या उभ्या रेषेत यायलाच हवा, साइडमधला आडव्या रेषेत. रुंदी टॉपवरून साइडला न्यायची ती 45 अंशाच्या रेघेवरून. एखादा नंबर सापडला नाही तर पुढे जाऊ नका. गडबड तिथेच झालीय. पृष्ठभाग जिथे नुसती रेघ होऊन दिसत नाही, तिथे त्याचे कोपरे तेवढेच राहतात. एका व्ह्यूत सहा कोपऱ्यांचा असेल तर दुसऱ्यातही सहाच.

हाच ठोकळा डावीकडून पाहिलात, तर कापाची खालची, तळापासून 20 मिमीवरची कड मागे लपते आणि तुटक रेघेने येते. उजवीकडून तीच कड पूर्ण रेघ. कुठल्या बाजूचा व्ह्यू मागितलाय हे न वाचता काढलेली शीट कितीही नीटनेटकी असली तरी चूकच.

फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल, म्हणजे शीटवर व्ह्यू मांडायच्या दोन पद्धती, यांचा बाऊ करू नका. फर्स्टमध्ये टॉप फ्रंटच्या खाली आणि उजवीकडून दिसणारा व्ह्यू डावीकडे. थर्डमध्ये टॉप वर, उजवा उजवीकडेच. शीटवर कापलेल्या शंकूचं चिन्ह असतं: शंकू बाजूने पाहिलेला, आणि शेजारी टोकाकडून पाहिल्यावर दिसणारी त्याची वर्तुळं. त्यात वर्तुळं रुंद टोकाकडे असतील तर फर्स्ट, अरुंद टोकाकडे असतील तर थर्ड. सरमिसळ मात्र अजिबात नको, त्यावरून बनवलेला पार्ट उलटा निघू शकतो.

वस्तू डोक्यात फिरत नाही म्हणून घाबरू नका. सुरुवातीला फार थोड्यांची फिरते. साबणाची वडी कापा, कोपऱ्यांवर पेनाने नंबर लिहा, हात लांब करून एक डोळा मिटून बघा. यात कमीपणा काही नाही.

सॉफ्टवेअर मॉडेलवरून क्षणात व्ह्यू काढून देतं. पहिल्या टर्मला ते उघडूच नका, हे माझं ठाम मत. तयार व्ह्यू बघून दर वेळी ‘हो, बरोबर’ वाटतं, आणि कोरी शीट समोर आली की पहिली रेघ सुचत नाही. सीनियरची जुनी शीट उतरवून काढणं त्याहून वाईट. मदत मागायची तर अशा माणसाकडे, जो तुमच्या हातातली पेन्सिल काढून घेत नाही, रेघेवर बोट ठेवून विचारतो, “ही कुठल्या कडेची?” अशी माणसं खडूस वाटतात, पण त्यांनाच धरून राहा.