दुधीभोपळ्यावर वकील: ॲनिमेटेड कौटुंबिक मालिकेतला अतर्क्य विनोद कसा लिहायचा

‘द सिम्पसन्स’ (१९८९) किंवा ‘फॅमिली गाय’ (१९९९) या प्रौढांसाठीच्या ॲनिमेटेड कौटुंबिक मालिका पाहताना वाटतं, इथे काहीही खपतं. तसं नाही. ‘फॅमिली गाय’मधला पीटर माणसाएवढ्या कोंबड्याशी गावभर मारामारी करतो, आणि वैराचं मूळ काय, तर कोंबड्याने त्याला मुदत संपलेलं कूपन दिलेलं असतं. कारण चिल्लर, परिणाम अफाट, आणि दोघंही जीव तोडून लढतात. एवढं पाळलं की निम्मं काम झालं. खालची पद्धत एका मिनिटाच्या प्रसंगासाठी आहे.

आधी विनोद बाजूला ठेवून साधा प्रसंग लिहा. रात्रीचं जेवण, ताटात दुधीची भाजी. बाबांना ती खायची नाही, आईला लवकर आवरायचंय, मुलीला गाडीची किल्ली हवी आहे, आजीला टीव्हीवरचा भाग चुकवायचा नाही. कुणाला काय हवंय हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका. पात्रांना काही नकोच असेल, तर विचित्र घटना घडली तरी त्यांचं काही अडत नाही आणि प्रसंग लोंबकळतो.

आता एकच अशक्य गोष्ट आत आणा. बाबांनी भाजीविरुद्ध वकील केलाय. काळा कोट, पांढरे बँड, फायलींचा गठ्ठा. तो जेवणाच्या टेबलाशी बसलाय.

आई: वकीलसाहेब, पोळ्या किती वाढू?
वकील: मला दोन. माझ्या अशिलाला मात्र भाजी शून्य चमचे.
आजी: त्या फायली जरा सरकवा हो, टीव्ही दिसत नाही.

“घरात वकील कशाला?” असं इथे कुणीही विचारत नाही. तो प्रश्न प्रेक्षकाच्या मनात असतो आणि तिथेच राहायला हवा. पात्राने विचारला की ताण संपतो, हसूही संपतं. नवशिक्या संहितेत सर्वात जास्त आढळणारी चूक हीच. दुसरी चूक म्हणजे हावरेपणा: वकील आला, आता दुधीही बोलू लागला! पहिली अशक्य गोष्ट प्रेक्षक नियम म्हणून स्वीकारतो. दुसरी आली की नियम मोडतो, काहीही घडू शकतं असं होतं, मग धक्का कशाचाच बसत नाही.

प्रसंग चढवायचा तो त्याच गोष्टीच्या परिणामांतून. वकील शहानिशा म्हणून भाजी चाखतो. त्याला ती आवडते, म्हणून तो आईचं वकीलपत्र घेतो. बाबा उघडे पडतात, म्हणून मुलगी गाडीच्या किल्लीच्या बदल्यात त्यांची बाजू लढवायला तयार होते. दोन घटनांमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसायला हवं. नुसतं ‘आणि मग’ बसत असेल तर तो तुकडा कापा. ही कसोटी ‘साउथ पार्क’ या ॲनिमेटेड मालिकेचे निर्माते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांची, आणि इतकी कामाची दुसरी सापडणं कठीण. (प्रौढांसाठी म्हणजे शिव्या हव्यातच असं नाही. हप्ते, नोकरी, थकलेला संसार हे विषय मोठ्यांचेच आहेत.)

मधेच तोडून दाखवायची झलक, म्हणजे कटअवे, ही ‘फॅमिली गाय’ची ओळख. पात्र म्हणतं, “त्या वेळेपेक्षा हे बरं”, आणि दृश्य थेट तिकडे उडी मारतं. लांबी पाच ते दहा सेकंद, सुरुवात घटनेच्या मध्यावर, चित्र एकच, आणि हशा पिकेल त्या क्षणी परत. परतल्यावर त्याबद्दल अवाक्षर नको. कथेला लागणारी माहिती कटअवेमध्ये कधीही ठेवू नका. संकलनात पहिली कात्री तिथेच चालते. एका मिनिटात एक पुरे.

पुनरावृत्ती वापरायची असेल तर ‘द सिम्पसन्स’चा १९९३मधला ‘केप फिअर’ हा भाग जरूर पाहा. त्यातला खलनायक साइडशो बॉब पुन:पुन्हा दाताळ्यावर पाय देतो आणि दांडा तोंडावर बसतो. भाग लांबीला कमी पडत होता म्हणून हा प्रकार ताणला गेला. सुरुवातीला हसू येतं, मग कंटाळा, मग त्या चिकाटीचंच हसू. दर वेळी तोच फटका, तीच कुरकुर, कसलाही नवा नखरा नाही. म्हणून तीनवर थांबा किंवा सहाच्या पुढे जा. चार-पाचवर सोडलं तर प्रेक्षक नेमका कंटाळ्यात अडकतो.

शेवटी वेळ जुळवा. आवाज आधी, चित्रं नंतर: मोबाइलवर संवाद ध्वनिमुद्रित करा, पेन्सिलची कच्ची चित्रं त्यावर लावा आणि हा ॲनिमॅटिक संहिता न वाचलेल्या माणसाला दाखवा. सेकंदाला २४ फ्रेम्स धरल्या, तर ‘शून्य चमचे’नंतर १२ फ्रेम्स शांतता ठेवून बघा, मग १८. हशा पुढच्या ओळीवर सांडत असेल तर फ्रेम्स वाढवा. हसूच आलं नाही तर नवी ओळ जोडण्याआधी एक काढून पाहा. चेहरे स्थिर ठेवा: भुवई उंचावली की पात्राला गंमत कळल्यासारखं दिसतं. त्या शांततेत संगीत घालू नका; चमच्याचा आवाज आणि फ्रिजची घरघर पुरते.